पान पुसलं जायच्या आत

मस्कतच्या उन्हाळ्यात लोकरीचे हातमोजे घालून ऑफिसात बसणारा माणूस मी एकच पाहिला. लोपीसकाका. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, काचांना व्हॅसलिन फासलेलं. अल खुवैर भागातल्या आमच्या ऑफिसात नवीन येणारा माणूस त्यांना बघून आधी दारावरची पाटी पुन्हा वाचायचा.

काका वसईचे. आम्ही बनवलेल्या वेबसाइट तपासणं हे त्यांचं काम. चष्मा मोतीबिंदूवाल्यांच्या वतीने, हातमोजे थरथरत्या हातांच्या वतीने. कधी मागून येऊन माझा माउसच उपटून न्यायचे. "आता चालव बघू. सगळ्यांना माउस धरता येतो हे तुला कुणी सांगितलं?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. खेडजवळच्या गावात माझा पदवीचा फोटो देवांच्या शेजारी आहे. त्यामुळे माझ्या फिकट राखाडी अक्षरांना कुणी नावं ठेवली की झोंबायचंच.

"सावंत, ही अक्षरं आहेत की पाण्याचे डाग?"

"डिझाइन आहे ते, काका."

"मग काय, ओवाळू त्याला? वाचायचं कसं ते सांग."

कुणी तगादा लावला की त्यांचं एकच उत्तर. "घाई कुणाला आहे?" लिफ्टमध्ये तेच, जेवताना तेच. आमचे मॅनेजर थॉमस या प्रश्नाने लाल व्हायचे.

मग एका हॉस्पिटलचं काम आलं. पेशंटने घरबसल्या अपॉइंटमेंट घ्यायची. पण लिहिता लिहिता कुणी जरा रेंगाळला की अख्खं पान पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. मशीन समजायचं, माणूस निघून गेला.

"हळू लिहिणारा माणूस गेलेला नसतो," काका म्हणाले आणि पान पास करायला नाही म्हणाले.

थॉमस जवळ येऊन बसले. "लोपीस, साइन करो, खलास. बाद में ठीक करेंगे, इन्शाल्ला. आपका व्हिसा भी रिन्यू होना है ना?"

"व्हिसा माझा आहे," काका मला मराठीत म्हणाले. "पेशंट माझे नाहीत, म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची माणसं आली. त्यांच्यादेखत काकांनी हातमोजे नि चष्मा थॉमसना चढवला आणि फोन हातात दिला. थॉमसनी स्वतःचं नाव लिहिलं, चुकलं, खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं. पान पुसलं गेलं. सगळे हसले. थॉमस हसले नाहीत.

तरीही पान तसंच हॉस्पिटलला गेलं, दुसऱ्याच्या सहीने. त्याच आठवड्यात काकांना सांगण्यात आलं, व्हिसा रिन्यू होणार नाही.

त्या संध्याकाळी त्यांना माझ्या गाडीने अल हैलला घरी सोडायला मीच निघालो. वाटेत अझैबाच्या ट्रॅफिकमध्ये त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून काहीच नाही.

"लाइन गेली वाटतं," म्हणत मी फोनकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बोलतेय ती." मग हळूच, "बायको. अर्धांगाचा झटका येऊन गेला. शब्द सापडायला वेळ लागतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात घरी. त्यांची फी माझ्या इथल्या पगारातून जायची."

फोनमधून श्वास ऐकू येत होता. मग "जे..." आणि पुन्हा काही नाही. मागून कुणीतरी बाई वैतागली. "दे गं इकडे, मी सांगते त्याला काय ते!"

"नको वहिनी," काका म्हणाले. "तिच्याच हातात राहू दे."

तिचा शब्द येईपर्यंत मी गाडी हळू केली. शेजारच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या.

"जे... जेव... जेवलास?"

"जेवलो गं." सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. नोकरीचं ते काही बोलले नाहीत. "तू जेवलीस?"

पलीकडे ती पुन्हा शब्द शोधू लागली. काका फोन दोन्ही हातांत धरून बसले. तिच्या उत्तराआधी अल हैलचा फाटा आला. मी वळलो नाही, सरळ पुढे गेलो.