चितळाच्या पोराचं फ्रेंच

एका जंगलात, म्हणजे आपल्याकडच्याच साग-मोहाच्या साध्या जंगलात, एक प्राथमिक शाळा होती. बसा मुलांनो, जवळ बसा. गोष्ट स्वस्त आहे, लक्ष तेवढं महाग.

शाळा उंबराखाली भरायची. मुख्याध्यापक होते बगळेसर. पांढरेशुभ्र, कायम एका पायावर उभे. दुसरा पाय कशासाठी राखून ठेवलाय, हे कुणाला कळलं नव्हतं. विषय तीनच: वास घेणं, पळणं आणि हाक. बिबट्या दिसला की चितळ 'पाँक' अशी जी आरोळी देतं, ती हाक. ती कानावर पडली की पाय आधी उठतात, डोकं मागनं येतं.

बकुळाबाई चितळ यांचा एकुलता एक दिगू या शाळेत पहिलीत होता. संध्याकाळी चरून आलं की बाई हाक द्यायच्या, दिगू ती परत द्यायचा. मगच दूध. चितळांच्या घरातली ही जुनी रीत. बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं कुणाला बघवतं?

नदीपलीकडच्या शाळेनं फाटकावर पाटी लावली: 'येथे पहिलीपासून फ्रेंच'. झालं. शेजारची गोदूवहिनी सांबर पाणवठ्यावर सांगत सुटली, की तिच्या बहिणीचं पिल्लू तिकडं आहे, पाणी प्यायच्या आधी पाण्यालासुद्धा बोंझूर म्हणतं. "आणि आपली पोरं? पाँक!" असं म्हणून तिनं मान अशी उडवली, की बकुळाबाईंच्या घशाखाली पाणी उतरेना.

यात नवल काही नाही. याच जंगलात एका साळिंदरानं कंदांचं दुकान टाकलं होतं. कंद खपेनात. मग त्यानं तेच कंद टोपलीत उलटे ठेवले आणि वर लिहिलं, 'परदेशी'. दुपारच्या आत टोपली रिकामी. गिऱ्हाईक माल घेत नाही बाळांनो, शेजाऱ्याचा चेहरा विकत घेतं.

उंबराखालची पोरं भराभर नदीपलीकडं जायला लागली, तेव्हा बगळेसरांनी दुसरा पाय खाली टेकला. आता काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी राघूमास्तरांना बोलावून घेतलं.

राघूमास्तरांनी उमेदीची वर्षं पुदुच्चेरीच्या एका हॉटेलाच्या ओसरीवर, पिंजऱ्यात काढलेली. त्यामुळं त्यांना जे फ्रेंच येत होतं, ते तिथल्या वाढप्यांचं. 'या साहेब, बसा. काय घेणार? आज कोवळं मटण छान आहे.' भांडवल एवढंच. पण उच्चार असे, की ऐकणाऱ्याला आपलीच जीभ जाड वाटावी.

पालकसभेत मास्तरांनी हे सगळं गाऊन दाखवलं. गव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बकुळाबाईंनी मात्र भीतभीत विचारलं, "मास्तर, याचा अर्थ काय होतो?"

मास्तरांनी मान तिरकी केली. "बाई, अर्थ पाचवीला आहे. प्राथमिकला फक्त उच्चार."

सगळी सभा बकुळाबाईंकडं बघायला लागली. लग्नाच्या पंगतीत कुणी भाजीचा भाव विचारावा तसं. बाई खाली बसल्या.

आता फ्रेंचला तास हवा. तो आणायचा कुठून? बगळेसर म्हणाले, हाक काय, पोरं घरी शिकतातच. तो तास काढा. पाठोपाठ सूचना आली की घरीसुद्धा हाक देऊ नये. फ्रेंचमधला 'र' घशाच्या तळातून काढावा लागतो, आणि पाँक केल्यानं घसा बसतो. बकुळाबाईंनी तोंड मिटलं. दिगू दिवसभर गुळण्या केल्यासारखा 'र' काढत हिंडायला लागला. आईला त्याचा अभिमान वाटे, आणि का कोण जाणे, झोप लागत नसे.

एके दिवशी पाणवठ्याशी करवंदीची जाळी हलली आणि दाजीसाहेब बिबटे बाहेर आले. पाण्याच्या अलीकडं, जाळीजवळ दिगू; पलीकडं बकुळाबाई. बाईंच्या घशात हाक आली. तिथंच शाळेची सूचना आडवी बसली होती. तेवढ्यात दिगू एक पाऊल पुढं झाला आणि कमरेत वाकून म्हणाला, "बोंझूर, मस्यू. आसेये-वू. क देझिरे-वू?" म्हणजे तेच: या साहेब, बसा, काय घेणार?

दाजीसाहेब थबकले. भक्ष्य आजवर त्यांच्यापुढून पळालं होतं, शिंगं रोखून आलं होतं. पण न समजणाऱ्या भाषेत इतक्या अदबीनं कुणी बोललं नव्हतं. झाडाझाडांवर वानरं बसून बघत होती. 'काय म्हणालास?' असं विचारावं, तर चितळाच्या पोराला येतं ते दाजीसाहेबांना येत नाही, हे उघडं पडणार. मोठ्यांची ही नेहमीची गोची. त्यांनी खाकरल्यासारखं केलं, वनखात्याच्या बंगल्यावर ऐकलेलं "वुई, वुई", म्हणजे हो-हो, एवढं पुटपुटले, आणि काहीतरी काम आठवल्यासारखे निघून गेले.

मग काय विचारता. फ्रेंचनं जीव वाचवला म्हणून जंगलभर डंका वाजला. बकुळाबाईंनी मोहाची फुलं वाटली. नदीपलीकडची पोरं परत आली, वर चार नवी घेऊन.

दाजीसाहेबांना मात्र ते लागलं होतं. त्यांनी आपला बछडा विक्रम, याला त्याच शाळेत घातलं. बगळेसरांना प्रतिष्ठित पालक मिळाल्याचा आनंद इतका, की ते घटकाभर दोन्ही पायांवर नाचले. शिवाय दाजीसाहेबांनी राघूमास्तरांना घरी शिकवणीला लावलं, ती खास अर्थाची. ऐपत असली की पाचवी पहिलीत येते.

वर्षअखेरीस स्नेहसंमेलन ठरलं. नाट्यप्रवेश होता हॉटेलातला. वाढपी झाला दिगू, त्याच्या हातावर केळीच्या पानाचा रुमाल. गिऱ्हाईक झाला विक्रम. प्रमुख पाहुणे दाजीसाहेब. गुणी विद्यार्थ्याची आई म्हणून बकुळाबाई पहिल्या रांगेत.

दिगू वाकला. बसा म्हणाला, काय घेणार म्हणाला, आजचं कोवळं मटण छान आहे म्हणाला. एक अक्षर चुकला नाही.

विक्रम उठला. त्यानं पंजा दिगूच्या मानेवर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "सल्वी-सी, सिल वू प्ले."

म्हणजे, हे द्या, मेहरबानी करून.

राघूमास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली. टाळ्या पडल्या. गोदूवहिनी शेजारच्या म्हशीला म्हणाली, काय 'र' काढतं हो ते पोर. वास्तविक त्या वाक्यात 'र' नव्हता.

बकुळाबाईंना वाक्य कळलं नाही. पंजा कळला.

"पाँक!"

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. मागच्या रांगांतले गवे उठले ते मांडव घेऊनच उठले. म्हैस गोदूवहिनीवरून गेली. बगळेसर मुख्याध्यापक असल्याचं विसरून उडाले. दाजीसाहेब झाडावर चढले, विक्रम खुर्चीखाली शिरला. आणि दिगू? वर्षभर हाक ऐकली नव्हती, पण पायांनी कुठं शाळेची सूचना वाचली होती? तो टेकडीपलीकडं पोचला, तेव्हा त्याला कळलं की आपण पळतोय.

मानेवर ओरखडे उठले होते. बकुळाबाई ते चाटायला लागल्या. दिगूनं मान काढून घेतली.

"आई, सगळ्यांसमोर पाँक केलंस तू. आता मी वर्गात तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी पालकसभा भरली. विषय एकच: बकुळाबाईंचं वागणं. विक्रमचं बक्षीस हुकलं, पाहुण्यांचा अपमान झाला, आवारात मातृभाषा वापरली गेली. बगळेसरांनी माफी मागायला सांगितलं, नाहीतर दाखला घेऊन जा म्हणाले.

बकुळाबाई उठल्या. त्यांनी माफी मागितली, आणि चांगली पोटभर मागितली. मग नम्रपणे म्हणाल्या, "आमच्या खानदानालाच उच्चार नाही, सर. प्रवेश पुन्हा बसवाल, तेव्हा दिगूला पडदा ओढायला द्या. वाढप्याच्या कामाला चांगल्या घरचं पोर घ्या."

मग जखमी पाय सावरत गोदूवहिनी घाईघाईनं पुढं आली. म्हणाली, आमच्या पिल्लाचा विचार व्हावा सर, त्याचं सगळं पाठ आहे. टाळ्या पडल्या.

दिगू पुढं कितीतरी दिवस आईशी बोलला नाही. बकुळाबाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. अबोला धरायलासुद्धा पोर घरात असावं लागतं.

तात्पर्य: मुलांचा जीव वाचवायचाच असेल, तर चारचौघांत वाचवू नये. त्यांची शाळेत इज्जत जाते.