तिरोडकर उसवत नाहीत

तिरोडकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या वरच्या खिशातला रुमाल दोन बोटांनी उपसला, त्याच्या कोपऱ्यात भरलेलं 'स' हे अक्षर पाहिलं, रुमाल उलटा केला, मागची बाजू उजेडाला धरली आणि विचारलं, "कोणी केलं हे?"

"दादरला घेतला. दुकानातून," मी म्हणालो.

"मागे गाठी बघ. पुढून राजा, मागून भिकारी." मग त्यांनी रुमालाची घडी घातली, माझ्यापेक्षा नीट घातली, आणि तो परत माझ्या खिशात ठेवला. "नाव काय तुझं?"

"सदाशिव."

"ते दिसलं. आडनाव?"

मुलुंडला आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला गेलो त्या दिवसाची ही गोष्ट. तळमजल्याच्या दोन खोल्यांत तिरोडकर आणि त्यांचा 'तिरोडकर एम्ब्रॉयडरी वर्क्स' हा कारखाना राहत असे. कारखाना म्हणजे पायाची दोन मशीनं, एक टेबल आणि स्वतः तिरोडकर. दारावरची पाटी रंगवलेली नव्हती, भरलेली होती. पांढऱ्या ड्रिलवर निळ्या रेशमाने अक्षरं भरून, काच लावून ती चौकटीत बसवलेली होती. उन्हाने रेशीम विटून पांढरं झाल्यामुळे ती वाचता येत नसे. लोक आत येऊन विचारत, "दवाखाना कुठे?" तिरोडकर त्यांना दवाखान्याचा रस्ता सांगत, आणि सांगता सांगता त्यांच्या धोतराचा काठ उलटा करून बघत.

वय चाळिशीच्या पुढे, अंगात बनियन, आणि डाव्या मनगटात भरतकामाची लाकडी रिंग बांगडीसारखी अडकवलेली. ती रिंग ते जेवतानाही काढत नसत. गल्लीतली पोरं त्यांना 'रिंगमास्तर' म्हणत. त्यांना ते नाव योग्यच वाटे. "रिंग हेच मुख्य," ते म्हणत. "कापड रिंगमध्ये ढोलक्यासारखं वाजलं पाहिजे. ढिलं राहिलं की मेला."

गिऱ्हाईक त्यांच्याकडे रुमालावर अक्षर काढायला येई आणि शिक्षण घेऊन जाई. अस्तर म्हणजे काय, ते मागून का लावायचं. वरच्या भरीव टाक्याखाली आधी कच्चे टाके का घालायचे. ("जोत्याशिवाय घर बांधता काय तुम्ही?") वरचा धागा आणि खालच्या बॉबिनचा धागा यांचा ताण सारखा नसला तर चुण्या कशा पडतात. भरीव टाका फार रुंद घेतला तर तो बायकांच्या बांगडीत कसा अडकतो. ऐकणाऱ्याला घाई आहे हे त्यांच्या लक्षात येत असे. मग ते जास्त सावकाश बोलत.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. एकदा ठरत आलं होतं. सावंतवाडीकडे मुलगी बघायला गेले, पोहे झाले, आणि मुलीच्या आईने मुलीने स्वतः भरलेला टेबलक्लॉथ कौतुकाने पुढे केला. तिरोडकरांनी तो उलटा केला. बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गाठी फार." ते परत आले. हा प्रसंग त्यांनीच मला सांगितला, आणि वर म्हणाले, "पण होत्याच. माका काय खोटा बोलूक येना नाय."

मात्र त्यांचा खरा धर्म वेगळाच होता. तिरोडकर उसवत नसत. भरलेलं काम कुणी परत आणलं, चूक दाखवली, तर ते वर आणखी भरून देत, बाजूला भरून देत, फुकट भरून देत. उसवून मात्र देत नसत. "सुई गेली तिथे भोक पडलं," ते म्हणत. "धागा काढशील, भोक कसा काढशील? कापड विसरत नाही."

आमच्या भागातल्या एका वाजंत्री पार्टीने त्यांच्याकडे कोट टाकले होते. छातीवर 'ब्रास बँड' असं लाल अक्षरांत हवं होतं. तिरोडकरांनी अक्षरं सुंदर भरली, पण शिरोरेघ नेमकी वरच्या शिवणीला टेकली. टिंब कसंबसं बसलं, चंद्राला जागाच उरली नाही. पार्टीचा म्होरक्या कोट घेऊन आला.

"तिरोडकर, हे 'बंड' झालंय!"

"मग?"

"मग काय मग? उसवा आणि खाली घ्या!"

"उसवणार नाही. खाली कमळ काढून देतो."

"कमळ काय करायचंय? आम्ही लग्नात वाजवायला जातो!"

"लग्नात कमळ चालतं," तिरोडकर म्हणाले.

त्या मोसमात मुलुंडपासून भांडुपपर्यंतच्या नवरदेवांच्या पुढे 'ब्रास बंड' चालत होतं, खाली कमळ घेऊन. पार्टीला कामं कमी मिळाली असं नाही. पण म्होरक्याने तिरोडकरांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

माझी धाकटी बहीण कुसुम हिचं लग्न ठरलं तेव्हा साहजिकच आईने पलंगपोस आणि उशांचे अभ्रे खाली नेले. मुलगा ठाण्याचा, श्रीधर नावाचा, सरकारी कचेरीत. आईला प्रत्येक अभ्र्यावर दोघांची अक्षरं एकमेकांत गुंफलेली हवी होती : 'कु' आणि 'श्री'.

तिरोडकरांनी कागदावर अक्षरं काढून पाहिली आणि मान हलवली. "वहिनी, हे नाव होत नाही. कु. म्हणजे कुमारी, श्री. म्हणजे श्रीयुत. माणसं आहेत कुठे यात?"

"अहो, तुम्ही काढा. वेल घाला भोवती."

"वेल घालतो. पण वाचणारा म्हणेल, पुढचं नाव छापायला विसरले."

कुसुम दारात उभी होती. ती हसली. तेव्हा ती सारखीच हसत असे. तिरोडकरांनी पातळ कागदावर नक्षी काढली, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडली, तो कागद अभ्र्यावर ठेवून रॉकेलात कालवलेली नीळ वरून पुसली. कागद उचलला तर खाली निळ्या ठिपक्यांनी 'कु' आणि 'श्री' हातात हात घालून उभे. पुढचा पंधरवडा खालून मशीनचा आवाज येत होता. अभ्रे आले ते असे की आईने आलेल्या-गेलेल्याला दाखवले, आणि दाखवताना उलटी बाजूही दाखवली. मागे एक गाठ नव्हती.

लग्नाच्या तोंडावर मुलाचे काका एकटेच आमच्याकडे आले. चहा घेतला नाही. मुलाच्या मनात दुसरीकडे आहे, त्याने घरात आत्ताच सांगितलं, आम्ही तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही, असं म्हणाले. बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. कुसुम आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर ती बाहेर येईना. जेवायला ये म्हटलं की यायची, खाली मान घालून दोन घास खायची, परत आत. आई तिच्यासमोर रडायची आणि बाबा आईवर ओरडायचे. पलंगपोस-अभ्र्यांचं गाठोडं कपाटावर टाकलं होतं. त्याच्याकडे कुणी बघत नसे, आणि त्यामुळे घरात दुसरं काही दिसतही नसे.

असे बरेच दिवस गेले आणि एका सकाळी तिरोडकर वर आले. ते वर कधीच येत नसत. बनियनवर सदरा घातला होता. आईने खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"ते अभ्रे द्या," म्हणाले.

आईने डोळ्यांना पदर लावला. "त्यांचं आता काय करायचं हो तिरोडकर?"

"उसवायचे."



"तुम्ही उसवणार?" मी विचारलं.

"मी? मी उसवत नाही. ठाऊक नाही तुला?" त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज चढवला. "कुसुम! बोटं बारीक आहेत तुझी. खाली ये. चांगलं कापड आहे, वाया घालवायचं नाही."

आई म्हणाली, "अहो, पोरीला कशाला ते डोळ्यांपुढे—"

"वहिनी, काम तिचं आहे," तिरोडकर म्हणाले. मग ते नुसते उभे राहिले. माणूस एवढा वेळ उभा राहतो म्हटल्यावर कुणीतरी काहीतरी करावंच लागतं. कुसुम बाहेर आली. तिने स्टुलावर चढून गाठोडं काढलं आणि त्यांच्यामागून जिना उतरली. तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून आईने मला पाठवलं.

खाली तिरोडकरांनी तिला टेबलाशी बसवलं, हातात अर्धं ब्लेड आणि चिमटा दिला. "पुढून हात लावायचा नाही. अभ्रा उलटा कर. मागे बॉबिनचा पांढरा धागा दिसतो ना? तेवढाच काप. तीन-चार टाके सोडून, पुन्हा काप. वरच्या रेशमाला ब्लेड लागता नये. आता सुलटा कर. चिमट्याने ओढ. येतोय? आपसूक येतो. मागचा सुटला की पुढचा कशाला धरून राहील?"

"कोणतं अक्षर?" कुसुमने विचारलं. बऱ्याच दिवसांत तिने असा प्रश्न विचारला नव्हता.

"तुझं नाव तुझ्याकडे राहू दे. दुसरं काढ."

ती उसवत राहिली. तिरोडकर तिच्याकडे पाठ करून मशीनवर कुठल्याशा शाळेचे बिल्ले भरत बसले. मी दाराजवळ बसून वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करत होतो. मधून मधून तिने नाक ओढल्याचा आवाज येई. तसा आला की तिरोडकर पाय जोरात चालवत, म्हणजे मशीनशिवाय काही ऐकू येत नसे.

पहिला अभ्रा झाला. तिने तो टेबलावर पसरला, हाताने सारखा केला आणि बघत राहिली. मग तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मी दचकून उठलो. ती हसत होती.

"काका," ती म्हणाली, "आता नुसतं 'कु.' राहिलं. कुमारी!"

तिरोडकरांचं मशीन थांबलं. ते उठून आले, अभ्र्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा पक्का माणूस, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. "अरे देवा," ते म्हणाले. "गो बाय, माज्या लक्षातच नाय इला ता. थांब, मी त्याचं पान करतो. नाहीतर मोर—"

"नको, राहू दे," कुसुम म्हणाली. तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणीही आवरेना. "खरं तेच आहे ना? राहू दे. आणि इथे रिकाम्या जागी काय भरायचं ते मी भरते. मला शिकवा."

तिरोडकरांनी मनगटातली रिंग काढली. जेवतानाही न काढणाऱ्या माणसाने ती काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "कापड ताणून बसव," म्हणाले. "ढोलक्यासारखं."

ती रोज खाली जायला लागली. आईला ते बरं दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, जेवते आहे ना, जाऊ दे. अभ्रे धुऊन आले तेव्हा कुसुमने एक अभ्रा तिरोडकरांच्या नाकासमोर धरला. "काका, भोकं कुठे गेली? तुम्ही तर म्हणायचात, कापड विसरत नाही."

तिरोडकरांनी अभ्रा उजेडाला धरला. "तो नियम साटीनच्या कापडाचा," ते म्हणाले. "सुती धुतलं की बुजतं."

"बँडवाल्यांचे कोट सुती होते."

"तू कामाकडे लक्ष दे."

दोन वर्षांत ती त्यांच्यापेक्षा बारीक काम करायला लागली. तिरोडकर तसं कधी म्हणाले नाहीत. पण गिऱ्हाइकाने नाजूक काही मागितलं की ते दुसऱ्या मशीनकडे बोट दाखवत आणि सांगत, "तिथे विचारा, त्या बाईंना वेळ आहे का." दिवसभर दोघं भांडत. कच्चे टाके आडवे घालायचे की उभे यावर एक अख्खा आठवडा अबोला होता. त्या आठवड्यात निरोप पोचवायला मला खाली बोलवत असत.

मग नाशिकच्या एका महिला उद्योगशाळेत भरतकाम शिकवायला बाई हवी आहे असं कुणाकडून तरी कळलं. तिरोडकरच तिला म्हणाले, जा. तिने कशीबशी हो-नाही करत पेटी भरली. निघायच्या दिवशी टांगा दारात आला, ती खाली त्यांच्या पाया पडायला गेली. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "ऑर्डर आहे," म्हणाले. "तिथली मशीनं नवी असतील. ताण बघून घे आधी." टांगा वळेपर्यंत आतून मशीनचा आवाज येत होता.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी आम्ही जेवून आडवे झालो होतो. खाली मशीन चालू होतं. तास झाला, दोन तास झाले, थांबेना. एवढी कसली ऑर्डर म्हणून मी बघायला गेलो. तिरोडकर मशीनवर बसले होते, पाय चालू होता, सुई खालीवर होत होती. सुईत धागा नव्हता. खाली कापड नव्हतं.

"तेल दिलंय का मशीनला?" मी विचारलं.

"कालच दिलं."

"मग?"

"काही नाही रे." पाय चालूच होता. "थांबवलं की खोली फार मोठी वाटते."

मी वर गेलो, दोरीवरून बाबांचा पंचा ओढला आणि खाली आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"यावर काहीतरी काढून द्या."

तिरोडकरांचा पाय थांबला. "पंच्यावर?"

"हो."

"काय काढू?"

"काहीही. वेळ लागेल असं."

त्यांनी पंचा बोटांत चोळून पाहिला. "वीण विरळ आहे. टाका धरणार नाही हे. मागून दुहेरी अस्तर घालावं लागेल," ते म्हणाले आणि धाग्याच्या रिळांची पेटी ओढून माझ्याकडे सरकवली. "बस. रंग निवड."