दळवीकाकांचं नेब्रास्का

आमच्या मजल्यावरचे दळवीकाका सकाळी जिन्यात भेटले की "कशी आहेस?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "चेरी काउंटीचं काय वाटतं तुला?"

मला काहीच वाटत नसतं. चेरी काउंटी हा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला एक जिल्हा आहे, हेसुद्धा मला काकांमुळेच कळलं. आम्ही राहतो मस्कतमध्ये, रुवीला, तिसऱ्या मजल्यावर. नेब्रास्का इथून किती लांब आहे ते मी कधी मोजलेलं नाही. काकांच्या खोलीत मात्र ते पलंगाच्या डोक्याशी आहे. आठ कागद चिकटवून त्यांनी स्वतः काढलेला नकाशा. त्यात त्र्याण्णव जिल्हे, आणि प्रत्येक जिल्ह्यात पेन्सिलीने लिहिलेलं मागच्या निवडणुकीचं मतदान. दुपारी पडदा हलला की उन्हाची एक पट्टी त्या नकाशावरून हळूहळू पूर्वेला सरकते, आणि काका चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसतात.

काका मूळचे सावंतवाडीकडचे. इथे एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर आहेत. नेब्रास्कात मोटारींच्या पाट्यांवर म्हणे जिल्ह्याचा नंबर असतो. काकांनी दुकानातल्या सामानाच्या फळ्यांना तेच नंबर आणि त्या जिल्ह्यांचीच नावं दिली. एकदा मी बाबांसाठी कपॅसिटर आणायला गेले, तेव्हा ते तिथल्या मल्याळी सेल्समनला सांगत होते, कस्टरमध्ये नसेल तर प्लॅटमध्ये बघ. तो मुकाट्याने आत गेला आणि बरोबर तोच घेऊन आला. दुकानाच्या ओमानी मालकाला, म्हणजे अर्बाबला, हा प्रकार आधी पसंत नव्हता. पण काका रजेवर गेले, बदलीच्या माणसाने फळ्यांवर साधे नंबर टाकले आणि महिनाभर कोणाला काही सापडेना. तेव्हापासून अर्बाबसुद्धा गिऱ्हाइकाला फोनवर सांगतात, "इन्शाल्ला, लँकेस्टरमध्ये असेल."

कोण जिंकलं याच्याशी काकांना फारसं देणंघेणं नाही. त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "आधी पद्धत समजून घे." पद्धत अशी की त्या राज्यात विधान परिषद नाही, एकच सभागृह. आणि त्या सभागृहाच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापत नाहीत. हे ऐकून बाबांनी विचारलं होतं, "मग भांडतात कशावर?" काका दोन दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवीन माहिती घेऊनच. तिकडे शेरीफ निवडून येतो, जमीन मोजणारा निवडून येतो आणि काही ठिकाणी तर शेतातल्या तणाचा बंदोबस्त करणारं मंडळसुद्धा मतदानाने ठरतं. "तण," काका म्हणाले, आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिले.

स्वतः काकांनी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. एकविसाव्या वर्षी ते इथे आले. गावाकडे निवडणूक लागली की ते इथे असायचे. पुढे गावच्या यादीतून नावच गेलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अभ्यासातलं घरी कोणाला विचारावं हा मला नेहमी प्रश्न असतो. दुसऱ्या वर्षी मतदानाच्या पद्धतींवर वर्गात बोलायचं होतं, तेव्हा मी भीतभीतच काकांचं दार वाजवलं. त्यांनी तीन संध्याकाळी मला नेब्रास्का समजावलं. वर्गात मी बोलले, तेव्हा सरांनी विचारलं की तू तिकडे जाऊन आली आहेस का. मी गोंधळून म्हटलं, "नाही सर, पण आमचे शेजारी तिथेच राहतात." सगळे हसले. मला नंतर वाटलं, मी अगदीच खोटं बोलले नव्हते.

हे सगळं का, ते मला आईने सांगितलं. काकांची मुलगी शुभांगी तिकडे नर्स आहे, बफेलो काउंटीत. काका त्या जिल्ह्याला म्हैसवाडी म्हणतात. शुभांगीताईची आई ती लहान असताना गेली. आत्याने तिला गावी वाढवलं आणि काका दोन वर्षांतून एकदा रजेवर जाऊन भेटत राहिले. ताई अमेरिकेला गेल्यावर दर शुक्रवारी फोन यायचा. जेवलीस का, हवा कशी आहे, एवढं विचारून झालं की दोन्हीकडे शांतता. तिच्याशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून काका तिकडचं वाचायला लागले. वाचत वाचत निवडणुकांपर्यंत पोचले आणि तिथेच राहिले.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये ताईने तिकडचं नागरिकत्व घेतलं. हातात छोटा झेंडा धरलेला फोटो पाठवला. मला वाटलं होतं काका पेढे वाटतील. घरात नेब्रास्काची खरीखुरी मतदार झाली होती. त्यांनी आईला फोटो दाखवला आणि म्हणाले, "खलास. आता ती परत येत नाही." त्यानंतर त्यांनी तिचा फोन घेणं सोडलं. शुक्रवारी भिंतीपलीकडे फोन वाजायचा आणि वाजून वाजून थांबायचा. आम्ही जेवताना हात थांबवून ऐकत असू.

नकाशावरचं पेन्सिलकाम मात्र वाढलं. ऑक्टोबरात ते माझ्याकडे लॅपटॉपवर बघायला आले, की तिच्या रस्त्याला मतदान केंद्र कुठे पडतं, आणि त्या दिवशी बर्फ पडणार आहे का. बर्फ काकांनी कधी पाहिलेलं नाही. "घसरायला होतं म्हणे त्याच्यावर," ते म्हणाले.

तिकडे मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजतात. त्या वर्षी तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. आईने काकांसाठी फराळाचं ताट दिलं. काका खोलीत नव्हते, गच्चीवर होते. पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधोमध ते स्वेटर घालून उभे होते. रुवीचे डोंगर अजून निळे होते, खालच्या रस्त्यावर पहिली बस दिवे लावून उभी होती, आणि सगळं शहर कोणीतरी आठवून सांगत असल्यासारखं अंधूक दिसत होतं. काकांच्या हातात मोबाइल होता. म्हैसवाडीचे आकडे यायला लागले होते.

"ह्यात नावं दिसतात का गो, कोणी कोणी मत दिलं त्यांची?"

"नाही काका. नुसता आकडा दिसतो."

आकडा वाढला. काकांनी चष्मा पुसून परत बघितलं, जणू त्या हजारांमधलं एखादं मत ओळखीचं निघेल.

"ह्यातलं एक तिचं असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "नसेलही. ड्यूटी असेल."

मला मोठ्यांना सांगायची सवय नाही. तरी म्हटलं, "काका, तिलाच विचारा ना."

त्यांनी म्हैसवाडीचे आकडे बंद केले. मग त्यांनी नंबर लावला. काका फोन नेहमी स्पीकरवर टाकून तोंडासमोर धरतात. दोनदाच वाजला आणि तिकडून उचलला गेला. पाच महिन्यांनी काका मुलीशी बोलत होते, आणि माझ्याशी बोलतात ती भाषा एकदम गळून पडून गावची बोली आली.

"मत दिलंस काय गो?"

 

"दिलंय, बाबा."

"सगळी मतपत्रिका?"

"सगळी. मागल्या बाजूक जजांची नावां होती." तिकडे न्यायाधीशांना कामावर ठेवायचं की काढायचं, हेही मतदारांनाच विचारतात. "माका एक पण म्हायत नाय. तुमका इचारूचा होता, पण तुम्ही फोन खंय उचलतास."

"मगे काय केलंस?"

"काय करतलंय? सगळ्यांका ठेवा म्हटलंय. कोणाक काढूक जिवार इला."

काकांचा हात थोडा खाली आला. डोंगराच्या कडेवर ऊन आलं होतं.

"बरां केलंस," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत तेच म्हणाले.

मी ताट टाकीच्या कट्ट्यावर त्यांच्याजवळ ठेवलं आणि खाली आले.