कसावाचं पान, पुस्तकाचं पान

दुसऱ्याच्या देशात पाऊलही न टाकता त्या देशाचं जेवण बिघडवता येणं, ही मानवी संस्कृतीची मोठी झेप आहे. इतर कोणत्याही प्राण्याला हे अजून जमलेलं नाही.

या कामी ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बिअर गावाने जे केलं आहे, त्याला तोड नाही. तिथल्या जागतिक गृहपाककला मंडळाने नऊ वर्षांत एकसष्ट देश शिजवले. त्यांपैकी अठ्ठेचाळीस देशांची मुख्य भाजी लाल भोपळा निघाली (भोपळा सगळ्यांच्याच परसात होतो). उरलेल्या तेरा देशांत तो सजावटीला होता. मंडळाचे सभासद सात. त्यांत परदेश पाहिलेला एकच, अध्यक्ष मर्व्ह पास्को. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने तरुणपणी चार दिवस बालीत काढले होते, पैकी तीन संडासात. त्या अनुभवाच्या बळावर आशिया खंड कायमचा त्याच्याकडे सोपवलेला होता.

गुणदान शास्त्रोक्त असे. एकूण पन्नास गुण. मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकातल्या फोटोशी साम्य वीस, पदार्थाचं नाव न अडखळता घेणं दहा, टेबलावरचं कापड दहा, यजमानाची टोपी आठ. चवीला दोन, आणि तेही बरोबरी झाली तरच.

मंडळाची सचिव ग्लेनिस हार्टनेल. नगरपालिकेत कुत्र्यांची नोंदणी करण्यात तिची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे नोंद ठेवायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. नऊ वर्षांची इतिवृत्तं तिच्याच गोलसर अक्षरात होती. वर्षाअखेरीस मिळणारा मानाचा चांदीचा झारा मात्र तिला एकदाही मिळाला नव्हता. तिचा नवरा कीथ दर सभेनंतर स्वयंपाकघरात जाऊन मुकाट्याने टोस्ट भाजून खाई. (इतिवृत्तात याची नोंद ‘कुटुंबीयांचे सहकार्य’ या सदरात आहे.)

यंदा चिठ्ठीत ग्लेनिसला काँगो आला. मंडळाच्या त्या ग्रंथात पान दोनशे बारावर काँगोची पालेभाजी, सोंबे, होती. साहित्य : कसावाची पानं, न मिळाल्यास पालक. ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो, तोच हा कसावा. ग्लेनिस पालक आणायला निघाली आणि फाटकातच थबकली. समोरच्या घरात दोन वर्षांपासून मापेंडो राहत होती. वृद्धाश्रमात परिचारिका, जन्म काँगोतल्या बुकावूचा. नऊ वर्षांत एखाद्या देशाबद्दल त्या देशाच्या माणसाला विचारण्याची कल्पना मंडळात प्रथमच कुणाला सुचली होती.

“पालक?” मापेंडो दारातच हसत सुटली. “मामा ग्लेनिस, पालक आजाऱ्याला देतात. आत या आधी!” (तिच्याकडे मामा म्हणजे आई. मराठी वाचकांनी नातं जुळवू नये.)

ॲडलेडहून आणलेली कसावाची गोठवलेली पानं तीन तास रटरटत राहिली. मग त्यात लालभडक पामतेल पडलं, दाण्याचं वाटण पडलं, सुकी मासळी पडली. वासाने कीथ रस्ता ओलांडून आला. जोडीला मक्याच्या पिठाचा घट्ट, उकडीसारखा गोळा होता. ग्लेनिसने हाताने खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा घेतलं. कीथने बोटं चाटली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, “उद्या काय आहे?”

ग्लेनिसचे डोळे भरून आले. कशाने, याचा पुरावा नाही, पण मिरची तितकीशी नव्हती.

शनिवारी दुपारी ती भांडं घेऊन सभेला गेली, सोबत मापेंडोलाही नेलं. मर्व्हने चष्मा लावला, झाकण उघडलं, ग्रंथ उघडला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“रंग जुळत नाही,” तो म्हणाला. “पालक कुठाय?”

“ही कसावाची पानं आहेत, मर्व्ह. खरीखुरी.”

“अगं, पण पुस्तकात फोटो पालकाचा आहे.”

“आमच्याकडे पालक घालत नाहीत हो,” मापेंडो म्हणाली.

“आमच्याकडे म्हणजे?”

“काँगोत.”

मर्व्ह तिच्याकडे मायेने पाहत म्हणाला, “बाई, स्वतःच्या घरचं जेवताना माणसाचं मन तटस्थ राहत नाही. म्हणून तर मंडळ आहे.”

प्रश्न मतदानाला टाकण्यात आला : सदर पदार्थ काँगोचा आहे काय? तीन हात वर, तीन खाली. निर्णायक मत सचिवाचं.

“ग्लेनिस, नीट विचार कर,” मर्व्ह हळू आवाजात म्हणाला. “ही पानं खरी ठरली, तर बाकीच्या एकसष्ट देशांचं काय करायचं?”

ग्लेनिसने कपाटाकडे पाहिलं. नऊ वह्या, पाठीवर वर्षं घातलेल्या, सगळं तिचंच अक्षर. जिभेवर सोंबेची चव अजून होती. मापेंडो तिच्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. ग्लेनिसने हात वर केला नाही.

सोंबेला पन्नासपैकी सोळा गुण पडले (टेबलावरचं कापड चांगलं होतं). मापेंडोला सुधारणेसाठी पान दोनशे बाराची छापील प्रत देण्यात आली. तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, भांडं उचललं आणि घरी गेली. भांडं तोवर रिकामं झालं होतं. कुणी खाल्लं, याची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस तिच्या दारात उभी राहिली. शब्द जुळवून आणले होते, ते उंबऱ्यावरच सांडले. “मापेंडो, मी फार वाईट वागले गं.”

“वागलातच,” मापेंडो म्हणाली. “या आत. चहा घ्या.”

आपल्या मुलींच्या शाळेसाठी तिने लॅमिंग्टन केले होते. ऑस्ट्रेलियात घरोघरी होणारे, चॉकलेटात बुडवलेले केकचे चौकोन, पण वरून खोबऱ्याऐवजी भाजलेल्या दाण्याचं कूट. ग्लेनिसने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. मन हलकं झालं. तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, “झकास झालेत हं. पण याला खोबरंच लागतं गं. दाणे? आमच्याकडे नाही बाई असं करत.”

मापेंडोने कप खाली ठेवला. खिडकीतली पेन्सिल घेतली, तिचं टोक नीट बघितलं आणि शांतपणे विचारलं, “बोला मामा. पन्नासपैकी किती?”

ग्लेनिस कानापर्यंत लाल झाली. मग आधी मापेंडो हसली, मागून ती. सोमवारी तिने सचिवपदाचा राजीनामा पाठवला. हल्ली ती आणि कीथ रविवारी समोरच जेवतात.

मंडळ मात्र जोमात आहे. इतर देशांत शाखा काढण्याचा ठराव मंजूर झाला असून अर्ज मागवले आहेत. पात्रतेची अट एकच : उमेदवाराने नव्या सुनेच्या, जावेच्या किंवा शेजारणीच्या हातची आमटी भुरकून झाल्यावर, “आमच्यात नाही हो यात गूळ घालत,” असं किमान एकदा म्हटलेलं असावं. महाराष्ट्रातल्या वाचकांनी अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपण सर्वजण तहहयात सभासद आहात.