हरणीचे चारी पाय

केंदूरच्या माळावर साठी उलटलेला एक गृहस्थ पालथा पडला आहे आणि समोरून एक कुत्री त्याच्या अंगावर सुसाट धावून येत आहे, असे दृश्य दिसल्यास वाचकांनी मदतीला धावू नये. ते आमचे शेजारी ज्ञानोबा गावडे. ते फोटो काढत असतात.

त्यांना फिट आली असे समजून लोकांनी एकदा त्यांच्या नाकाला चप्पल लावली, ही कथा तळेगावच्या बाजारात आजही सांगतात. ती साफ खोटी आहे. मी तेथे होतो. लावला तो कांदा होता, आणि तोही माझ्या शेतातला. ज्ञानोबा शिंकले, कॅमेरा हलला, आणि ते उठून गरजले, "आरं, चारी पाय हवेत व्हते! चारी!"

उभे आयुष्य त्यांनी तळेगावात फोटो स्टुडिओ चालवला. नवरदेव असो वा पुढारी, "हलू नका!" म्हणून प्रत्येकाला दरडावले. पुढे स्टुडिओ बंद झाला, पत्नी वारली, मुलगा पुण्याला गेला. आणि मेंढरे राखणाऱ्या मेव्हण्याने दिलेली ही कुत्री, हरणी, घरी आली. ती काही केल्या स्थिर बसेना. तेव्हा धावत्या हरणीचा, चारी पाय जमिनीपासून सुटलेला फोटो काढायचाच, हे त्यांनी मनावर घेतले.

"आवंदा पळती हाय, आबा. फुडच्या साली तिचं गुडघं काय म्हणत्याल, कुणी सांगावं?" असे मला म्हणत ते स्वतःचे गुडघे चोळीत.

अडचण एकच. हरणी थेट त्यांच्याकडेच यायची. ती येताना दिसली की यांचे बोट बटणावर थबकायचे, आणि दाबेपर्यंत फोटोत उरायचे ते एक ओले नाक.

अखेर उपाय मी सुचवला. (तो आपण सुचवला, असे सरपंच म्हणतात. म्हणोत.) मी ज्ञानोबांच्या मागे उभे राहून हाक मारायची, म्हणजे हरणी त्यांना ओलांडून माझ्याकडे येईल. माझ्या सुनेने लांबच्या बांधावर तिला धरून ठेवले.

"आबा, जोरात बरं का!"

"तुम्ही तुमचा कॅमेरा सांभाळा. माझ्या आवाजाची काळजी नको."

मी हाक मारली. आणि काय ती आली! कान मागे, पोट ढेकळांना टेकते की काय असे, मागे नुसता धुरळा! ज्ञानोबांवरून झेप घेऊन ती माझ्या छातीवर आदळली. मी पडलो, असे लोक सांगतात. मी बसलो. खिशातल्या भाकरीसाठी ती आली, असेही सांगतात. भाकरी होती, पण ती आली माझ्या हाकेला.

आणि फोटो आला होता! चारी पाय हवेत! मी ओरडलोच. ज्ञानोबा मात्र फोटो मोठा करून तिचे डोळे पाहत राहिले.

"लई झ्याक आलाय, आबा," ते म्हणाले. "पर बगती तुमच्याकडं."

तो फोटो चौकट करून त्यांनी मला देऊन टाकला. त्यांच्या भिंतीवर, पत्नीच्या तसबिरीशेजारी, ओले नाक आहे.

आजही ते माळावर पालथे पडतात. त्यांच्या आग्रहाखातर मी मागे उभा राहतो, तोंड उघडतो, आणि हाक मारत नाही. हरणी त्यांच्याकडेच बघत येते. आबांचा आवाज गेला, असे गावात बोलतात.

तेही खोटे आहे.