मेजरच्या भरवशावर तंबू

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मर्लीनने एकच मागणं मागितलं होतं. समुद्रकाठचं हॉटेल आणि दुसऱ्या कुणीतरी घातलेला बिछाना. क्लाइव ऑक्टोबरने तिच्यासाठी मेहुण्याचा तंबू मागून आणला. (ऑक्टोबर हे आडनाव. अक्कल मात्र त्याला वर्षभर उशिरा येते, असं सासूबाई म्हणत.)

"हॉटेलात काय, भिंतीच बघायच्या!" तो म्हणाला.

"ठीक आहे. पण एक जरी गोष्ट बिनसली, तर मी उठून हॉटेलात जाईन. एकटी."

केप टाउनहून गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले. पुढे ही दोघं, मागच्या सीटवर मेजर. मेजर म्हणजे त्यांचा वासराएवढा कुत्रा. वाटभर त्याने क्लाइवच्या खांद्यावर लाळ गाळली. लॅम्बर्ट्स बेच्या अलीकडे वाळूवर तंबू उभा राहिला. मर्लीन पाठ टेकायला आत गेली.

वाऱ्याने मेखा भराभर उपटायला सुरुवात केली. वाळूत त्या टिकेनात. क्लाइवने एक उपटलेली मेख पुन्हा ठोकली, दुसरी ठोकली आणि मग झाडाखाली घोरणाऱ्या मेजरकडे त्याची नजर गेली. पासष्ट किलो वजन, आणि जागचा हलत नाही! त्याने तंबूच्या सगळ्या दोऱ्या एकत्र करून मेजरच्या गळ्यातल्या पट्ट्याला बांधल्या. (स्वतःच्या बुद्धीवर खूश होऊन त्याने शीळही घातली.)

तेवढ्यात शेजारच्या तंबूतल्या पीटरसन काकांनी निखाऱ्यावर जर्दाळूचा मुरंबा लावलेला भलामोठा स्नूक मासा पालथा केला. वास सुटला. मेजर उठला.

"क्लाइव, तंबू चाललाय का?" आतून आवाज आला.

"वारा आहे गं!"

"वारा भुंकतो का रे?"

मेजर सुसाट सुटला. मागून तंबू, तंबूत मर्लीन आणि शेवटच्या दोरीला लोंबकळत, तोंडाने वाळू नांगरत क्लाइव.

"अहो, धरा त्याला!" काका ओरडले.

"धरलंय की!" क्लाइव म्हणाला, आणि पालथाच निखाऱ्यांशेजारच्या मुरंब्याच्या भांड्यात गेला. मासा मेजरने नेला. तंबू काकांच्या खुर्चीवर अडकला. त्यातून मर्लीन रांगत बाहेर आली, केस सारखे केले, काकांची माफी मागितली, त्यांना नवा मासा घ्यायला क्लाइवचं पाकीट दिलं आणि बॅग उचलली. क्लाइव मेजरसकट तिच्या मागे चालू लागला.

गावातल्या छोट्याशा हॉटेलात म्हातारी मालकीण दारातच उभी होती. तिने मर्लीनला हसून आत घेतलं. मेजरच्या डोक्यावरून हात फिरवला. "कुत्रा चालतो आम्हाला. गुणी दिसतोय." मग तिने कानापर्यंत मुरंबा माखलेल्या, राख फासलेल्या क्लाइवला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हे कोण?"

मर्लीनने पंचवीस वर्षांच्या संसाराकडे शांतपणे एकवार पाहिलं.

"कुत्र्याबरोबर आलेत," ती म्हणाली.