शैलाताईंचा बर्फ

आमच्या शेजारच्या शैलाताई आइस्क्रीमचा डबा उघडला तरी आधी त्याचे थर बघतात. हिवाळ्यात त्यांच्याकडे चहाला गेलं, की कप हातात येण्याआधी इशारा मिळतो. "आग्नेयेच्या उतारावर पाय ठेवायचा नाही हं. रात्रभर वायव्येचा वारा होता, सगळा बर्फ पलीकडे नेऊन टाकलाय." सुपरमार्केटपलीकडे न जाणारी मी "नाही ठेवत" म्हणते.

ख्राइस्टचर्चच्या इस्पितळात लॅबमध्ये उभा जन्म गेलेली ही बाई. स्की कधी पायाला लावली नाही, पण हिमस्खलनाचे दोन कोर्स केलेत.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी त्यांनी मला गाडीत घातलं. त्यांचा मुलगा निनाद दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर एका मोठ्या आग्नेय उतारावर चढणार होता. ताईंनी डोंगरातल्या पार्किंगजवळ, त्याच दिशेच्या एका बुटक्या उतारावर छातीइतका खड्डा खणला.

"हा जुलैतला पाऊस, गोठलेला. हा परवाचा स्नो. आणि मधे ही बघ, साखर, नुसते सुटे दाणे. हिच्यावर काही टिकत नाही."

त्यांनी भिंतीतून चौकोनी खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि टपल्या मारू लागल्या. दहा मनगटातून, मग कोपरातून. तेराव्या टपलीला वरचा ठोकळा ड्रॉवरसारखा बाहेर आला.

मला हसू येणार, तेवढ्यात दरीपलीकडे काहीतरी धप्प झालं. समोरच्या निर्मनुष्य डोंगरावर आडवी रेघ उमटली आणि अख्खी बाजू खाली निघाली, आधी अगदी सावकाश. गडगडाट नंतर आला, तोही पोटात. इतकं प्रचंड काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ताईंचा हात मी घट्ट धरलाय, हे धुरळा बसल्यावर कळलं.

परतताना रेंज आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन स्पीकरवर फोन लावला.

"निनाद, साखर आहे. चाळीस सेंटीमीटर खाली."

"हाउ मेनी टॅप्स, आई?"

"तेरा. सरळ सरकला. समोरचा उतार तर आमच्यादेखत गेला."

"ओके. वी वोन्ट गो."

मग तो वारा, थर, सगळ्यावर दहा मिनिटं बोलत राहिला. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"किती बोलतो हो तुमच्याशी," मी म्हटलं.

"याचे बाबा गेल्यावर नुसतं इंग्रजीतलं 'या' आणि 'ना', हो-नाही एवढंच. म्हणून शिकले हे." त्यांनी गाडी सुरू केली. "पण ऑक्टोबरात सगळं वितळतं गं. मग काय बोलायचं, ते अजून सापडलं नाही."